व्होल्टेज थोडं कमी केलं

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

ही वही आकडे टिपायला आणली. कागदावरच टिपायचे, कारण ज्या मशीनवर प्रयोग करायचा त्यातच नोंदी ठेवणं म्हणजे शुद्ध गाढवपणा. मशीन बसलं की नोंदीही बसल्या.

प्रयोग असा: बाबांच्या खोलीतल्या डेस्कटॉपचा प्रोसेसर कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवायचा. ओव्हरक्लॉकिंग. वेग वाढवला की त्याला वीज जरा जास्त पाजावी लागते. जास्त पाजली की तो तापतो, कमी पडली की धापा टाकत मध्येच कोसळतो. ह्या दोन्हींच्या मधली नेमकी जागा शोधायची, एवढाच खेळ. कॉलेजात असताना करोलबागेतल्या खोलीवर मी ह्यात राजा होतो.

आता चव्वेचाळिसाव्या वर्षी हे खूळ का, असं बायको, देवयानी, विचारेल. तिला सांगितलेलं नाही. ऑफिसात गेल्या महिन्यात माझ्या डोक्यावर राघवला आणून बसवलं. एकतीस वर्षांचा पोरगा, पुण्याहून आलेला, मला 'सुधन्वा सर' म्हणतो आणि माझे रिपोर्ट मलाच समजावून सांगतो. नोएडाहून घरी येईपर्यंत डोकं भणभणत असतं. काहीतरी माझ्या हाताने, माझ्या अकलेने झालेलं दिसावं असं वाटतं.

हा वेग घरात कोणालाही नको आहे, हेही लिहून ठेवतो. आमची लेक रसिका त्यावर शाळेचे प्रोजेक्ट करते. बाबा सकाळी दहा ते बारा मोडी कागद वाचून देवनागरीत उतरवतात. साताऱ्याकडच्या एका घरातले कागद आहेत, पानिपतावर गेलेल्या माणसांचे आणि मागे राहिलेल्यांचे. एकशे दहा पत्रं. आमचं गाझियाबादचं मंडळ त्यांची पुस्तिका काढणार आहे आणि येत्या चौदा जानेवारीला, लढाईच्या तारखेला, पानिपतच्या काला अंब स्मारकापाशी बाबा त्यातली नावं वाचणार आहेत. दिल्लीतल्या एका मंत्रालयाच्या दफ्तरखान्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस, वय शहात्तर, आई गेल्यापासून ह्या कागदांवरच जगतो. हे मी आकड्यांच्या वहीत का लिहितोय कोण जाणे.

रविवार, १६ फेब्रुवारी

जमलं! ४.३ गिगाहर्ट्झवरून थेट ५.०. व्होल्टेज १.३२. सहा तास सलग रगडला, एकदाही पडला नाही. कमाल तापमान ७४. सॉफ्टवेअर दाखवतं त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नसतो म्हणून कॅबिनेट उघडून मल्टिमीटर लावून पाहिलं, फरक नगण्य. इंटरनेटवरच्या ग्रुपवर फोटो टाकला, एक्केचाळीस जणांनी वाहवा केली. राघव सर, हे करून दाखवा.

बाबा दिवाणावर शाल पांघरून बसले होते. म्हणाले, बिघडलंय का? मी म्हटलं, नाही, साफसफाई. त्यांना विचारायला हवं होतं का? मशीन मी घेतलंय, पण वापरतात ते. चलो, सांगू केव्हातरी.

रविवार, १३ एप्रिल

गरमी सुरू झाली. बाबांची खोली पश्चिमेची आणि ते एसी लावू देत नाहीत, सांधे धरतात म्हणून. प्रोसेसर ९६ पर्यंत गेला. कॅबिनेटचा पंखा इतका ओरडतो की बाबा म्हणाले, हा आता उडणार बहुतेक.

वेग कमी करणं जिवावर आलं. पाचाचा आकडा सोडवत नाही. म्हणून व्होल्टेज थोडं कमी केलं, १.२८. तापमान ८७ वर आलं, पंखा शांत. नियमाप्रमाणे पुन्हा सहा तास तपासायला हवं होतं, पण आम्हाला रसिकाचे बूट घ्यायला जायचं होतं. दहा मिनिटं चालवलं, चाललं.

रविवार, ४ मे

जेवताना बाबा म्हणाले, त्रेचाळीसावं पत्र मी शुक्रवारी पुरं केलं होतं, आज पाहतो तर अर्धंच आहे. मग स्वतःच हसले आणि म्हणाले, केलं असं स्वप्न पडलं असेल.

मी म्हटलं, सेव्ह करायला विसरला असाल. भाजी वाढून घेता घेता म्हटलं, सहज. देवयानीने माझ्याकडे पाहिलं. मागच्या आठवड्यातही असंच काहीतरी झालं होतं म्हणे. ते चहा प्यायला उठले, परत आले तर सगळं बंद. 'माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं,' असं तिला म्हणाले.

त्यांच्या पिढीचं हे असंच. कॉम्प्युटर अडला की चूक आपलीच. आमची रसिका सरळ कॉम्प्युटरला शिव्या घालते.

गुरुवार, २२ मे

देवयानीचा ऑफिसात फोन आला, घाबरली होती. आज ती सुट्टीवर घरीच होती. रसिकाने सकाळी बाबांना सांगितलं की तुमची 'बावन्न' नावाची फाईल खाली आहे. इतकं स्पष्ट सांगूनसुद्धा बाबा अर्धा तास माऊस घेऊन यादीच्या तळापर्यंत जात होते, पुन्हा वर, पुन्हा तळाशी. देवयानीने विचारलं, काय शोधताय? तर म्हणाले, 'बावन्नची फाईल. रसिका आहे म्हणाली, म्हणजे असणारच.'

रिकामी झालेली फाईल कोणी अर्धा तास शोधत बसतं का? आणि रिकामी झाली कशी? सगळं सिलेक्ट करून नको ते बटण दाबलं असणार. देवयानी म्हणते, डॉक्टरांना दाखवू या. तिचे वडील शेवटी शेवटी तिला ओळखत नव्हते, त्यामुळे ती असल्या गोष्टींना फार भिते. मी म्हटलं, बिल्कुल दाखवू या. एकोणीस जूनची वेळ मिळाली आहे.

वाईट वाटतं यार. ज्या माणसाला अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसांची गावं आणि सोयरीक तोंडपाठ, त्याला आपण काल काय लिहिलं ते आठवू नये.

शनिवार, ७ जून

आज सुट्टी. बाबा दूध आणायला गेले होते. मी त्यांच्या खोलीत त्या मशीनवर विजेचं बिल काढायला बसलो आणि समोरच निळा पडदा आला. मशीन स्वतःच बंद होऊन स्वतःच सुरू झालं. एका मिनिटाच्या आत डेस्कटॉप असा स्वच्छ, जणू काही झालंच नाही.

मशीनच्या आत एक नोंदवही असते. ते कधी अचानक बंद पडलं त्याच्या तारखा आणि वेळा तिच्यात आपोआप लिहिल्या जातात. ती उघडली. एप्रिलच्या तेरापर्यंत एकही नोंद नाही. तिथपासून आजवर एकतीस. आणि वेळा पाहिल्या: सकाळी १०.२०, ११.०५, १०.४८, ११.३१. सगळ्या बाबांच्या.

मोडी कागदांचे फोटो प्रचंड मोठे आहेत. एक अक्षर मोठं करून पाहायला गेलं की प्रोसेसर झटक्यात पूर्ण जोर लावतो, आणि त्या झटक्याला १.२८ पुरत नाही. थंडीत कदाचित पुरलं असतं. त्यांच्या खोलीत आज छत्तीस आहे. सेव्ह होता होता पडलं की फाईल रिकामी. नाहीतर परत उघडताना जुनी प्रत पुढे येते आणि नवीन लिहिलेलं जातं.

बाबांनी त्रेचाळीसावं पत्र शुक्रवारी पुरं केलं होतं. २ मे, ११.१२. नोंद आहे.

तेवढ्यात ते दूध घेऊन आले. मला म्हणाले, 'चालतंय ना रे? माझ्याकडून काही बिघडलं नाही ना?' मी म्हटलं, नाही. तोंडातून 'नाही' इतकं सुबक बाहेर आलं की माझं मलाच नवल वाटलं.

रविवार, ८ जून

सगळं मूळ जागेवर आणून ठेवलं. वेग ४.३, व्होल्टेज कंपनीचं. आता पडणार नाही. म्हणजे खरं तर प्रश्न मिटला.

त्या एकतीस नोंदीही पुसून टाकल्या. का पुसल्या ते माहीत नाही. म्हणजे माहीत आहे.

सांगायचं तर आहेच. पण कसं सांगू? 'बाबा, मी गंमत म्हणून तुमच्या कामाची माती केली आणि वर तुम्हाला विसरभोळे ठरवलं'? ते ओरडणार नाहीत, हीच तर पंचाईत आहे. डॉक्टरांकडे होऊन येऊ दे. तिथे सगळं ठीक निघेल, मग हसत हसत सांगतो.

गुरुवार, १९ जून

डॉक्टर चांगले होते, वेळ देऊन पाहिलं. परीक्षा हिंदीत. पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने विचारले. बाबांना चार आले, पाचवा आला नाही. शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. ते मराठीत वजाबाकी करून उत्तर हिंदीत फिरवून सांगत होते, त्यामुळे वेळ लागत होता. 'उनासी' (७९) आणि 'नवासी' (८९) मध्ये अडखळले. चाळीस-पन्नास वर्षं दिल्लीत काढली तरी ह्या आकड्यांनी त्यांना कायम छळलंय, हे मला माहीत आहे. डॉक्टरांना कसं माहीत असणार? मी बोललो नाही.

परीक्षेत नापास होण्याची भीती शहात्तराव्या वर्षीही तीच असते.

मग डॉक्टरांनी घरच्यांना विचारलं. देवयानीने गेल्या दोन महिन्यांतलं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, 'बच्ची ने कहा फ़ाइल खाली है, फिर भी आधा घंटा ढूंढते रहे.' डॉक्टरांनी मान हलवली, कागदावर लिहिलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, घरात इतक्यात काही बदललंय का? जागा, सवयी, कुठली वस्तू?

मी म्हटलं, 'नहीं, कुछ नहीं.'

तीसपैकी चोवीस. सुरुवात असू शकते, म्हणाले. एक गोळी रोज, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी, महत्त्वाच्या कागदपत्रांवर तोवर घरच्यांनी नजर ठेवावी.

परतताना ऑटोत देवयानी पुढे वाकून ड्रायव्हरला रस्ता सांगत होती. बाबा माझ्या कानाशी हळूच म्हणाले, 'रसिका म्हणाली फाईल खाली आहे. म्हणून मी खाली बघत होतो. खाली म्हणजे दुसरं काय?'

आमची पोरगी दिल्लीत वाढलेली. तिचं 'खाली' म्हणजे रिकामं. बाबांचं 'खाली' म्हणजे तळाशी. नातीवर विश्वास ठेवून बिचारे तळ धुंडाळत होते. हे डॉक्टरांना सांगायला परत फिरायला हवं होतं. इंदिरापुरमचा फ्लायओव्हर यायचा होता अजून, दहा मिनिटांत परत पोचलो असतो. पण हे सांगायला लागलो असतो तर फाईल रिकामी का झाली, हेही पुढे आलं असतं. मी म्हटलं, 'जाऊ द्या बाबा, तो काही मुद्दा नव्हता.'

ते म्हणाले, 'मुद्दा नव्हता तर त्यांनी लिहून का घेतलं?'

रविवार, ६ जुलै

सूर्यकांतकाका आले होते, मंडळाचे सेक्रेटरी. बाबांनी त्यांना सगळे कागद सुपूर्द केले. दफ्तरखान्यातली शिस्त, यादी करून, दोन प्रती, सह्यांसकट. एकसष्ट पत्रं झाली, एकोणपन्नास बाकी. 'झालेली एकसष्टही कोणाकडून तरी ताडून घ्या,' असं बाबांनी त्यांना बजावलं. काका म्हणाले, अहो पद्माकरराव, तुमचं लिखाण कोण ताडणार? बाबा म्हणाले, आता ताडायलाच हवं.

मशीन आठ जूनपासून एकदाही पडलेलं नाही. पण ते त्याला हात लावत नाहीत. दहा ते बारा खुर्चीत बसून असतात. पेपर पुढे धरलेला असतो, पान उलटत नाही.

मी दरवाजात उभा होतो. सांगायचं म्हणून गेलो होतो. 'चहा टाकू का?' एवढंच विचारून परत आलो.

रविवार, १४ सप्टेंबर

दोन महिने वहीला हात लावला नाही. लिहिण्यासारखं रोज तेच आहे, सांगितलं नाही.

गोळीने त्यांचं पोट बिघडतं. चित्रविचित्र स्वप्नं पडतात. काल म्हणाले, स्वप्नात दफ्तरखान्यात सगळ्या फायली होत्या, पण आत कागद कोरे. गोळ्यांची पाकिटं दर महिन्याला मीच आणतो. केमिस्ट आता मला पाहिल्यावर न विचारता काढून देतो.

देवयानीला सांगावं असं शंभरदा आलं मनात. ती त्यांचं इतकं करते. त्यांच्यासाठी जेवण वेगळं, सकाळी बरोबर फिरायला जाणं, गोळीची वेळ. तिला सांगितलं तर ती विचारेल, कधीपासून माहीत होतं?

रविवार, २ नोव्हेंबर

बाबांनी स्वतःसाठी एक कार्ड बनवून घेतलं. मार्केटात जाऊन, प्लास्टिकचं कव्हर घालून, गळ्यात अडकवायच्या दोरीसकट. पद्माकर विष्णू चिरमुले, गाझियाबादच्या वसुंधरा वस्तीतला पत्ता, खाली 'हरवलेला आढळल्यास' आणि माझा फोन नंबर. फिरायला जाताना घालतात. मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, तुम्हाला त्रास नको.

अक्षर त्यांचंच, सुंदर, एक वेलांटी इकडची तिकडे नाही. असं कार्ड स्वतः लिहून, कव्हर घालून, दोरी ओवून आणणारा माणूस हरवेल कसा, हे कोणाच्याच डोक्यात येत नाही. माझ्या येतं. लाज वाटते हो, पण लाज वाटणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं, एवढं ह्या वर्षात कळलं.

रविवार, २८ डिसेंबर

पुस्तिका छापून आली. उरलेली पत्रं एका प्राध्यापिकाबाईंनी पुरी केली. सूर्यकांतकाका मुद्दाम प्रत द्यायला आले. म्हणाले, बाईंनी तुमची एकसष्टच्या एकसष्ट ताडून पाहिली, एक काना चुकलेला नाही. चौदाला नावं तुम्हीच वाचायची.

बाबांनी पुस्तिकेवरून हात फिरवला. म्हणाले, 'नको. तिथे उभा राहून एखाद्याचं नाव चुकलो, गाळलं, तर? बिचारे एकदा हरवलेत तेवढं पुरे.'

काकांना जिन्यापर्यंत सोडायला गेलो. ते म्हणाले, तुझ्या वडिलांना काहीही झालेलं नाही रे, मला तर वाटतं त्यांना कोणीतरी भलतंच पटवून दिलंय. मी म्हटलं, हो, असेल.

आता सांगितलं नाही तर मी माणूस नाही.

रविवार, ४ जानेवारी २०२६

सांगितलं.

जेवणं झाल्यावर दुपारी त्यांच्या खोलीत गेलो आणि एका दमात बोललो. ओव्हरक्लॉक, १.२८, एकतीस वेळा पडलं, फाईल रिकामी झाली ती माझ्यामुळे, तुम्ही एकदाही काही विसरला नाहीत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

म्हणाले, 'तुझी आईपण असंच करायची. मला ऑफिसात मेमो मिळाला की साहेबच कसा मूर्ख, ते मला पटवून द्यायची.'

त्यांना वाटलं मी त्यांचं मन राखायला रचून सांगतोय! मी शपथा घेतल्या. म्हटलं, थांबा, आत्ता दाखवतो. सगळे आकडे पुन्हा तसेच लावले, पाच, १.२८. त्यांना खुर्चीत बसवलं, म्हटलं, उघडा फोटो, टाइप करा, बघा कसं पडतं. मशीनच्या नोंदी दाखवाव्यात तर त्या मीच पुसलेल्या.

खोलीत दहा डिग्री असतील. बाहेर धुकं, दिवसभर ऊन नाही. प्रोसेसर ५५ च्या वर जायलाच तयार नाही. बाबा शाल सावरत दोन तास माझ्या शेजारी बसले. सहा महिन्यांनी पहिल्यांदा त्यांनी की-बोर्डला हात लावला. एक अख्खं पत्र त्यांनी उतरवलं, फोटो मोठे केले, लहान केले, सेव्ह केलं, पुन्हा उघडलं. जसंच्या तसं. माझा हा मूर्ख प्रोसेसर एकदासुद्धा पडला नाही.

मी रूम हीटर आणून कॅबिनेटसमोर ठेवला. तेव्हा मात्र त्यांनी माझा हात धरला. 'राहू दे सुधन्वा. मशीन चांगलं आहे, मी पाहिलं ना आता. जे माझ्याकडून झालं ते झालं.'

म्हणजे जी काही थोडी शंका त्यांना स्वतःच्या बाजूने उरली असेल, तीही मी आज माझ्या हाताने निपटून काढली. हीटर तसाच चालू होता. बाबांनीच उठून बंद केला.

सोमवार, ५ जानेवारी

ऑफिसला गेलो नाही. सकाळी त्यांच्यासमोर ही वही ठेवली. म्हटलं, माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका, कागदावर ठेवा. तेव्हाच्या तेव्हा लिहिलेलं आहे, तारखा आहेत, शाई आहे. बावीस मेचं पान वाचा, सात जूनचं वाचा.

त्यांनी आधी वहीची शिवण तपासली. पानं मागाहून चिकटवलेली नाहीत ना, ते बघत होते. मग चष्मा बदलून घेतला.

ही ओळ लिहायला वही पाच मिनिटांसाठी मागून घेतली आहे.

गुरुवार, ८ जानेवारी

वही आज परत मिळाली. तीन दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत. 'मीठ दे' इतकंही नाही, ते रसिकाकडून मागवायचे.

समासात बारीक पेन्सिलीने खुणा आहेत. माझी ऱ्हस्वदीर्घं सुधारली आहेत. बावीस मेच्या पानावर 'खाली' शब्दाला गोल करून दोन्ही अर्थ लिहिले आहेत. सात जूनला समासात एकच वाक्य आहे: येथून लेखकास ठाऊक होते.

देवयानीला मंगळवारी मीच सांगितलं. मला वाटलं भांडेल. ती इतकंच म्हणाली, 'मी त्यांना हाताला धरून तिथे नेलं रे,' आणि रसिकाच्या खोलीत झोपायला गेली. काल बाबांबरोबर डॉक्टरांकडे जाऊन आली. मला नेलं नाही. गोळी कशी थांबवायची ते डॉक्टर ठरवतील, परीक्षा पुन्हा घेणार आहेत, ह्या वेळी आकडे मराठीतून.

आज संध्याकाळी बाबांनी बोलावलं. ते मशीनपुढे बसले होते. पुस्तिकेची नावं मोठ्या अक्षरात टाइप करत होते, बुधवारी वाचायला सोपी जावीत म्हणून. पानिपतला ते सूर्यकांतकाकांच्या गाडीतून जाणार आहेत. मी म्हटलं, मी सोडतो ना. म्हणाले, नको, त्यांची गाडी आहे.

वही माझ्यापुढे सरकवली. म्हणाले, 'सांगणे हे क्रियापद इतक्या वेळा आलंय, आणि जवळजवळ सगळीकडे भविष्यकाळात.' मी वही उचलायला हात पुढे केला.

'सात जूनच्या पानावर शेवटची एक ओळ गिरवून गिरवून खोडली आहेस. काय होतं तिथे?'

मी म्हटलं, 'आठवत नाही, बाबा.'

त्यांनी चष्मा काढून पुसला. 'मला वाचता आली. आयुष्यभर खोडलेलंच वाचत आलोय मी. तू सांगतोस का, ते बघत होतो.'

मग ते पुन्हा टाइप करायला लागले. मी वही घेऊन निघालो. त्यांनी वळून पाहिलं नाही.

ती ओळ मला पाठ आहे. आता न खोडता लिहितो: 'एकोणीस तारखेला डॉक्टरांनी बाबांना खरंच काही झालंय असं सांगितलं तर बरं होईल, म्हणजे मग मला काही सांगावं लागणार नाही.'